मोकळी गल्ली

मिरजेत वत्सलाबाई डोईफोडे वीस वर्षं मोटार चालवायला शिकवत. एके दिवशी सकाळी शिकवणीची त्यांची एकुलती एक निळी गाडी पोस्टासमोर उभी असताना कुणीतरी ठोकली आणि पळ काढला. ठेकेदार भाऊसाहेब रणनवरे यांच्या जीपला निळा रंग लागलेला बाईंनी पाहिला आणि त्याच संध्याकाळी हवालदारांना घेऊन त्यांचं घर गाठलं.

"रंग कुठेही लागतो. पोस्टाच्या गल्लीत मी आठवडाभर फिरकलेलो नाही," भाऊसाहेब गुरकावले. साक्षीदार कोणी नव्हता. हवालदारही चुळबुळू लागले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "चला हवालदारसाहेब. हे काम शिकाऊ माणसाचंच. एवढी मोकळी गल्ली, तरी गाडी काढता आली नाही!"

भाऊसाहेब उसळले. "मोकळी? अर्ध्या गल्लीत पाण्याचे पाइप पडले होते! तिथून काढून दाखवा जीप!"

"पाइप आज सकाळी उतरले आणि दुपारी खड्ड्यात गेले," बाई म्हणाल्या. "आठवडाभर न फिरकता तुम्हाला ते दिसले कसे?"

हवालदारांनी हसू दाबत वही उघडली. भाऊसाहेबांनी मुकाट्याने गाडी दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं, तेव्हा बाई जाता जाता म्हणाल्या, "सकाळी सातला शिकवणी असते. एक जागा रिकामी आहे."