परतीची आज्ञा

लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर चालणारी संगणकांची जाळी राखणाऱ्या मंडळींत एक वृद्ध जाणकार होऊन गेला. तरुणपणी त्याने एक साधन घडवले आणि त्याचे नाव ठेवले 'जागल्या'. जाळ्यातले एखादे यंत्र बंद पडले की जागल्या तत्काळ हाक देई. वृद्धाने ते सर्वांना मोफत दिले, त्याची घडणही उघडी ठेवली. कोणीही पाहावी, वापरावी, सुधारावी. फुकट ते पौष्टिक! पेढ्या, रुग्णालये, मोठमोठे व्यापारी, सगळ्यांनी ते उचलले. सुधारायला मात्र कोणी फिरकले नाही. आल्या त्या तक्रारी. घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजाव्यात आणि भाकरी करपली म्हणून लष्कराने शिव्या द्याव्यात, असा हा प्रकार. मला तर त्याची आजही चीड येते.

या वृद्धाचा एक शिष्य होता. गुरू थकल्यावर जागल्याची किल्ली, म्हणजे त्यात बदल करण्याचा अधिकार, आपल्याला मिळावा एवढीच त्याची आस होती. एके दिवशी वृद्धाने ती दिली. शिष्य हरखला, परंतु किल्ली नीट तपासताच त्याचा चेहरा उतरला. ती वर्षभराने आपोआप निकामी होणार होती. पुढे हवी असेल तर नव्याने मागावी लागणार होती.

"सर, माझ्यावर विश्वास नाही का?" तो दुखावून म्हणाला. "तुमच्याबरोबर लोकांच्या शिव्या मीही खाल्ल्या. आणि मला भाडेकरूसारखी मुदत?"

वृद्धाने शांतपणे विचारले, "दूरच्या यंत्रात कोणाला शिरू द्यायचं ते ठरवणाऱ्या सुरक्षाभिंतीचे नियम इथे बसून बदलायचे असले, तर तू आधी काय करतोस?"

"परतीची आज्ञा लावून ठेवतो. दहा मिनिटांत मी ती रद्द केली नाही, तर जुने नियम आपोआप परत येतात. तुम्हीच शिकवलंत की."

"का रे? स्वतःवर विश्वास नाही?"

"तसं नाही. एखादा नियम चुकला तर भिंत मलाच अडवते. मग आत शिरायला वाटच उरत नाही."

"मी हे काम अंगावर घेतलं, तेव्हा परतीची आज्ञा लावली नव्हती," वृद्ध म्हणाला. त्याचा आवाज कडवट झाला होता. "तुझी काकू रुग्णालयात अखेरच्या घटका मोजत होती, आणि मी तिच्या उशाशी बसून एका व्यापाऱ्याच्या तक्रारीला उत्तर लिहीत होतो. जागल्याची हाक त्याच्याकडे उशिरा पोचते म्हणे. तिनं मला हाक मारली. मी म्हणालो, 'थांब जरा.' ती थांबली नाही. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. व्यापाऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: 'आता ठीक चालतंय.' आभारसुद्धा नाहीत. अरे, भिंत मीच उभारली आणि बाहेर मीच अडकलो."



"तुझा संसार आत्ता कुठे सुरू झालाय," वृद्ध पुढे म्हणाला. "वर्षानं किल्ली निकामी होईल. ती पुन्हा घ्यायची की नाही, हे तुझ्या बायकोला विचारून ठरव. ती नको म्हणाली, तर जागल्याला खुशाल मरू दे. लष्कर काही उपाशी मरत नाही."

इतक्यात पडद्यावर नवी तक्रार उमटली: 'सकाळपासून उत्तर नाही. झोपलात काय?'

शिष्याचा हात सवयीने पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्याने पडदा मिटला, फोन उचलला व घरी लावला. पलीकडून लगेच बायकोचा आवाज आला, "आज लवकर सुटलात का? या ना घरी."

तो आवाज वृद्धालाही ऐकू गेला. त्याने तोंड खिडकीकडे फिरवले आणि शिष्य निघून जाईपर्यंत वळून पाहिले नाही.