खांद्याला दिलेलं आवतण

पिंपळठाण्याच्या गायरानात तान्हाबाईचा गोठा होता. लंगडे बैल, भाकड गाई, मालकानं हाकलून दिलेली जनावरं ती तिथं जिवापाड सांभाळायची. गावच्या रंगराव देशमुखांना हे खुपायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला चारचौघांत बजावलं, "जे औत ओढत नाही, त्याला माझ्या गावचा चारा नाही. पोळा झाला की गायरान रिकामं कर!"

संध्याकाळी खांदेमळणीच्या वेळी तान्हाबाई एक लंगडा बैल घेऊन देशमुखांच्या दारात हजर झाली. देशमुख रीतीप्रमाणे आपल्या तरण्या बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानानं तूप-हळद चोळत म्हणत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"हे लंगडं कशाला आणलंस?" ते गरजले.

"धनी, आवतण देताना मळता काय? पाय का खांदा?"

"खांदा! एवढंही कळत नाही?"

"मग खांदाच बघा की. मोडलाय तो पाय. तुमच्या दावणीत याच्याइतका राबलेला खांदा असंल, तर मी आल्या पावली माघारी जाते."

देशमुखांनी हात ठेवला. जुवानं पडलेला घट्टा दगडासारखा लागला आणि त्याखालची जुन्या जखमेची खूण बोटांनी ओळखली. चौदा वर्षं त्यांचंच रान नांगरलेला पवळ्या होता तो.

देशमुखांनी तूप घेऊन तो खांदा चोळला. "आज आवतण घ्या," त्यांचा आवाज खाली आला, "उद्या जेवायला या."

"आणि परवा, धनी?" तान्हाबाईनं विचारलं.

दारात जमलेली सारी आळी हसली. शेवटी देशमुखही हसले. "परवापासून चारा गायरानात पोचता करतो, बाई."