शंभर मोहरांची सनद

शंभर मोहरा! आंबेखोऱ्याच्या राज्यात वकिलीची सनद हवी असेल तर शंभर मोहरा भरायच्या, असं रंगराव महाराजांचं फर्मान होतं. आणि हौसाचा पगार महिना तीन रुपये!

हौसा कोर्टातला पंखा ओढायची. वर छताला झालरीचा भला मोठा पंखा, त्याची दोरी कोपऱ्यात, आणि दोरीच्या टोकाला हौसा. नऊ वर्षं दोरी ओढता ओढता तिनं इतके खटले ऐकले, की कायदा तोंडपाठ झाला. कारकुनाकडून लिहायला शिकली, परीक्षेला बसली अन् चक्क पहिली आली! बाईनं वकील होऊ नये असा कायदा नव्हता. तो करायचं कुणाला सुचलंच नव्हतं ना! घोडं अडलं ते फीपाशी. उद्या सूर्यास्तापर्यंत फी आली नाही, तर परीक्षा बाद. मोहरेला पंधरा रुपये, म्हणजे सगळा पगार साठवला तरी चाळिसाच्या वर वर्षं लागणार, आणि तोवर न खाता जगायचं कसं, हे काही फर्मानात लिहिलेलं नव्हतं.

हौसाचा जीव टांगणीला लागला. ती थेट महाराजांपुढे गेली.

"महाराज, नऊ वर्षं कोर्टाची चाकरी केलीय. तीच माझी फी धरा."

"अगं, दोरी ओढणं ही काय चाकरी झाली?" बडे वकील नरहरपंत खो खो हसले. "तुझ्यावाचून कोर्टाचं काडीचंही अडत नाही!"

"अडतं!" हौसा म्हणाली.

"मग उद्या दुपारी सिद्ध कर!" महाराज गरजले. स्वारी मुलखाची हट्टी. "पण सनद नसलेल्यानं कोर्टात बोलायचं नाही, हा नियम आहे. एक शब्द काढलास की खटला हरलीस!"

आता आली का पंचाईत! सनदेसाठी खटला जिंकायचा, आणि खटल्यात बोलायला सनद हवी! नरहरपंत मिशीत हसत घरी गेले. हौसा मात्र निवांत जेवली.

दुसरा दिवस. वैशाखाची दुपार, कोर्ट खचाखच भरलेलं. चोपदारानं पुकारा केला, "फिर्यादी हौसा, समोर हात जोडून उभी राहा!" फिर्यादीनं तसंच उभं राहायचं, ही तिथली रीतच. हौसानं दोरी सोडली आणि मुकाट्यानं समोर जाऊन हात जोडले.

पंखा थांबला.

विरुद्ध बाजू मांडायला नरहरपंत उठले. अंगात लोकरी झगा, डोक्यावर वीस हाती पागोटं. दोन वाक्यांत घाम कपाळावर, चौथ्याला नाकाच्या शेंड्यावर. महाराज उपरण्यानं वारा घेऊ लागले.

"अरे, कुणीतरी ओढा!"

चोपदारानं दोरी धरली आणि दिला एक हिसका! झालर खाली आली, पंतांचं पागोटं उडालं, त्यांचे कागद भिरभिरत खिडकीबाहेर! दुसऱ्या हिसक्याला शाईची दौत थेट महाराजांच्या मांडीवर!

"थांब, मेल्या!" पंत ओरडले. "हौसा, बाई, तू धर ती दोरी! तुझ्यावाचून कोर्ट चालायचं नाही!"

कोर्टात सनदवाल्याचा शब्द न् शब्द लिहून घ्यायचा, हा कारकुनाचा धर्म. त्यानं हेही लिहिलं! हौसानं तो कागद हळूच उचलला, महाराजांपुढे ठेवला, शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं, आणि पुन्हा हात जोडले.

महाराजांनी वाचलं. एकदा पंतांच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या शाईभरल्या धोतराकडे, आणि असे हसले की सिंहासन हललं!

"पंत, तुमच्याच तोंडानं खटला हरलात! फी पोचली! हौसा, ही घे सनद, आणि हा वकिलीचा झगा माझ्याकडून. आता बोल!"

हौसानं सनद कपाळाला लावली. डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत निघाला.

"महाराज, माझा पहिला अर्ज. यापुढे जो पंखा ओढेल, त्याला महिना दहा रुपये पगार मिळावा."

"पंत, तुमची काही हरकत?"

"छे छे, महाराज!" घामानं निथळत पंत म्हणाले. "पंधरा द्या! पण आत्ताच्या आत्ता बसवा हो कुणालातरी!"