खंड्याची भाकरी

फार पूर्वी, कुत्री माणसांशी बोलत असत तेव्हा, भागाकाकूंकडे खंड्या नावाचा कुत्रा होता. येईल त्याला तो चावे. चावला की काकू घाईने त्याला भाकरी टाकत आणि पाहुण्याला म्हणत, "एरवी गरीब आहे हो!"

एकदा तो लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनाच चावला. लग्न मोडायची वेळ आली. काका गरजले, "चल, तुला नदीपलीकडे सोडतो!"

खंड्या रडवेला झाला. "पण काका, चावल्याशिवाय काकू भाकरीच देत नाहीत!"

काकूंनी हातातली भाकरी पदराआड लपवली.

तेव्हापासून गप्प बसला तरच खंड्याला भाकरी मिळू लागली. सासरे पुन्हा आले, निवांत जेवले. तेवढ्यात काका काकूंवर खेकसले, "माझी भाकरी कुठाय?"

खंड्या हळूच म्हणाला, "काका, गप्प बसून पाहा."