माकडाच्या हातचं इंजिन

हे कुणाला सांगायचं नाही असं ताईने बजावलंय, पण मला राहवतच नाही.

प्राणी गाड्या चालवायचे त्या काळी सशाने खेकडेदादांकडून नवी गाडी घेतली. "वर्षभरात बिघडली तर फुकट दुरुस्त करीन. पण इंजिनाला दुसऱ्याचा हात लागता कामा नये," खेकडेदादा म्हणाले.

संध्याकाळी त्याच गाडीतून साळिंदराची वरात निघायची होती. "इतकी हळू? थांब, वाऱ्यासारखी पळवतो!" म्हणत माकडाने इंजिन उघडून त्यातले स्क्रू पिळले. गाडी सुसाट सुटली, ससा आनंदाने किंचाळला आणि धूर ओकणाऱ्या गाडीसकट ओढ्यात! हॉर्न तर गाडी घेतल्यापासूनच मुका होता.

मुंडावळ्या बांधलेलं साळिंदर रडकुंडीला आलं.

"मी काही केलं नाही हं," माकड झाडावरून म्हणालं.

सशाने बोलावलेल्या खेकडेदादांनी इंजिनात डोकावून पाहिलं. "वा! काय कसबी हात आहे! कुणाचा बरं?"

"माझा! माझाच!" माकडाने टुणकन उडी मारली.

"मग इंजिन तू बघ. हॉर्न माझा, तो मी फुकट करतो."

शेवटी वरात निघाली. हॉर्न खणखणीत वाजत होता, आणि मागून घामाघूम होऊन गाडी ढकलत होतं ते... आले गं आई, आले!