सायाळ आणि खड्ड्याचे चित्र

डोंगराच्या कुशीत एक जंगल होते आणि तिथल्या बांबूच्या बेटाखाली एक सायाळ राहत असे. तिला चित्रे काढण्याचा भारी नाद होता. गळून पडलेला आपलाच एखादा काटा ती तोंडात धरायची, गेरूच्या चिखलात बुडवायची आणि दिसेल त्या दगडावर रेघा ओढत बसायची. ओढ्याकाठी एक म्हातारे कासव चित्रे काढायला शिकवत असे. कावळा आणि मुंगूस त्याच्याकडे आधीपासून शिकत होते. एके दिवशी सायाळही तिथे जाऊन बसली.

कासवाची शिकवण्याची रीत साधी होती. सकाळी सराव. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग गोल. हात मोकळा झाला की एखादे पान समोर ठेवायचे आणि तेच दहा वेळा काढायचे. संध्याकाळी सगळ्यांनी कातळाभोवती जमून एकमेकांची चित्रे पाहायची. "आधी चित्रात काय दिसतं ते सांगा, मग काय चुकलं ते सांगा," कासव म्हणे, "आणि ज्याचं चित्र असेल त्यानं तोवर नुसतं ऐकायचं."

पहिल्याच संध्याकाळी कावळ्याने मान वाकडी करून सायाळीचे चित्र पाहिले. "मला हे पान वाटत नाही," तो म्हणाला. "मासा वाटतो."

त्याबरोबर सायाळीच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले आणि खडखड वाजू लागले. कावळा टुणकन मागे उडाला. मुंगूस दगडाआड गेले. मुलांनो, खरे सांगायचे तर सायाळीला राग आलाच नव्हता. तिला लाज वाटली होती. पण सायाळीला राग येवो की लाज वाटो, काटे सारखेच उभे राहतात. बघणाऱ्याला त्यातले काय कळणार?

दुसऱ्या दिवसापासून तिने काहीही काढले तरी कावळा लांबूनच म्हणायचा, "छान!" आणि मुंगूस म्हणायचे, "फारच छान!" कासव तेवढे बोलायचे, "रेघ थरथरते आहे बाई, सराव वाढव." पण दोघे छान म्हणतात तर एकाचे कशाला ऐका, असे वाटून सायाळीने सकाळच्या रेघा सोडून दिल्या. मोठमोठी चित्रे मात्र ती भराभर काढू लागली.

पुढे उन्हाळा आला. डोंगरापलीकडची जनावरे पाण्याच्या शोधात या बाजूला उतरू लागली. त्यांच्या वाटेवर, वळणाच्या जरा पुढे, माणसांनी मुरूम काढून तसाच सोडलेला एक खोल खड्डा होता. त्याच्या तोंडावर गवत आणि पाचोळा साचल्यामुळे तो दिसत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला तिथे कोण थांबणार? म्हणून वळणावरच्या मोठ्या दगडावर खड्ड्याचे चित्र काढायचे ठरले. सायाळ लगेच पुढे झाली. तिने एक मोठा गोल काढला, आत थोडा रंग भरला आणि काम संपवले. वळणापर्यंतचा चढ कासवाला चढवत नसे, त्यामुळे त्याने चित्र पाहिलेच नाही. कावळ्याने आणि मुंगसाने पाहिले. दोघे एकमेकांकडे बघून म्हणाले, "छान."

दोनच दिवसांनी खड्ड्यातून हंबरडा ऐकू आला. एक हरणी आत पडली होती. सायाळ आणि मुंगूस धावले. दिवसभर दोघांनी कडेची माती उकरून उतार केला, तेव्हा कुठे ती लंगडत वर आली. सायाळीची नखे रक्ताळली होती.

"दगडावरचं चित्र नाही का पाहिलंस?" सायाळीने विचारले.

"पाहिलं ना!" हरणी धापा टाकत म्हणाली. "पुढे तळं आहे असं वाटलं. तीन दिवस पाणी मिळालं नव्हतं, म्हणून पळतच सुटले."

सायाळीने वर फांदीवर बसलेल्या कावळ्याकडे पाहिले. "कावळेदादा, तुलाही ते तळंच वाटलं होतं का?"

"हो," कावळा म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

कावळ्याने मान खाली घातली. "तुझ्या काट्यांची भीती वाटली. बोलायला हवं होतं. माझंही चुकलंच."

त्या संध्याकाळी सायाळ कातळापाशी आली. तिने करवंदीच्या जाळीकडे पाठ केली आणि तोंड सगळ्यांकडे करून बसली. "माझे काटे उभे राहणारच," ती म्हणाली. "ते माझ्या हातात नाही. पण आता ते जाळीकडे आहेत, कुणाला लागायचे नाहीत. तुम्ही बोला."

मग रोज सकाळी रेघा आणि गोल सुरू झाले. संध्याकाळी खड्ड्याचे चित्र. पहिल्या चित्राला मुंगूस भीत भीत म्हणाले, "तळंच आहे." दुसऱ्याला म्हणाले, "वारूळ वाटतं." काटे खडखडले, सायाळीच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती जागची हलली नाही. "काय केलं म्हणजे खड्डा वाटेल?" तिने विचारले.

"मी वरून बघतो ना," कावळा म्हणाला, "तेव्हा उन्हात खड्ड्याची एक कड उजळ असते आणि दुसरी काळी. पाण्याचं तसं नसतं."

"आणि काठाची माती तुटलेली असते," मुंगूस म्हणाले. "गवत आत झुकलेलं असतं."

सायाळ खऱ्या खड्ड्यापाशी जाऊन बसली. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, उन्हे उतरताना पुन्हा पाहिले. सावली कशी आत आत काळी होत जाते, ते तिने आधी कधी नीट पाहिलेच नव्हते. मग तिने सातवे चित्र काढले. कासव पुढे सरकले, वाकले आणि एकदम त्याने पाय कवचात ओढून घेतले.

"काय झालं आजोबा?" सायाळ घाबरली.

"पडेन असं वाटलं," कासव म्हणाले. "जा, हेच काढ दगडावर."

तिने वळणावरचा जुना गोल घासून काढला आणि तिथे नवे चित्र काढले. चार दिवसांनी डोंगरापलीकडून नीलगाईंचा कळप उतरला. सगळ्या तहानेने व्याकूळ झाल्या होत्या आणि पुढच्या धाकट्या दोघी पळायच्या बेतात होत्या. दगडापाशी म्हातारी नीलगाय थबकली. "थांबा गं! पुढे खड्डा आहे," ती म्हणाली. "इकडून चला." सगळा कळप बाजूच्या झाडीतून ओढ्याकडे गेला. झुडपाआडून सायाळ बघत होती. चित्र कोणी काढले ते त्यांनी विचारले नाही की चित्राला छानही म्हटले नाही. शेवटचे वासरू पाण्याला लागेपर्यंत सायाळ तिथेच उभी राहिली.

तात्पर्य : ज्याला शिकायचे आहे त्याने आपली चूक सांगणाऱ्याला जवळ बसवावे, ऐकताना मन दुखले तरी चालेल, पण ऐकणे सोडू नये.