कुणासारखाच नसलेला चेहरा

"बाबा, तुम्ही तसबिरीपुढं मान का नाही झुकवली?"

म्हातारे साधू गेरासिमोस रंगात कालवायला अंड्याचा बलक तळहातावर घेत होते. बलक बोटांतून निसटून फुटला. ते हात पुसत राहिले.

स्तमातीस दारातच उभा होता. गावातून डोंगरावरच्या मठापर्यंत तो रागानं चढून आला होता. याच खोलीत लहानपणी तो रंग घोटायला, सोन्याचा वर्ख बसवायला, देवमातेचा सावळा, लांबट, पिढ्यान्‌पिढ्यांचा चेहरा काढायला शिकला. पुढं जहाजानं व्हेनिसला गेला. त्याच्या क्रीट बेटावर तेव्हा राज्य व्हेनिसचंच. छाया, उजेड, अंगाचा मऊपणा, सगळं तिकडच्या चित्रकारांकडून उचललं. परत येऊन गावच्या चर्चसाठी त्यानं जी तसबीर केली, तशी बेटावर कुणी पाहिलेली नव्हती. मागं इकडचं सोनं, आणि पुढं तिकडच्या धाटणीची देवमाता, मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली.

"माणसं तिच्यापुढं रडतात," तो म्हणाला. "बिशपसुद्धा रडले. तुम्ही नुसतं पाहून निघून आलात."

"चित्र उत्तम आहे."

"मग?"

"चेहरा एर्गिनाचा आहे."

एर्गिना ही स्तमातीसची थोरली बहीण. तिचा एकुलता एक मुलगा हिवाळ्यात तापानं गेला.

"तिचाच आहे. तिकडं जिवंत माणूस समोर ठेवूनच काढतात."

"तिला विचारलंस?"

"विचारण्यासारखी ती होती कुठं? पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मी समोर बसून कोळशानं उतरवून घेतलं."

"तिला वाटलं, भाऊ सोबतीला बसलाय."

स्तमातीस दारातून आत आला.

"काल आली होती ती," गेरासिमोस म्हणाले. "म्हणाली, देवमातेपुढं रडायला गेले, तर तिथं मीच बसलेली. आता कुणापुढं रडू? तिला घरात ठेवायला एक लहान तसबीर हवीय. जुन्या वळणाची. जिचा चेहरा कुणासारखाच नाही अशी. माझा हात आता चालत नाही. चेहरा तू काढ. उन्हं उतरली की ती बघायला येईल."

"एवढंच ना? तो चेहरा मी झोपेतही काढीन."

तो पांढरा लेप दिलेली लाकडी फळी घेऊन खिडकीशी बसला. नाकाची लांब रेघ सहज उतरली. भुवया उतरल्या. मग डोळे काढले आणि तो थांबला.

डोळे एर्गिनाचे होते.

त्यानं सुरीनं रंग खरवडला, पुन्हा काढले. या वेळी डोळे जमले, पण ओठ तिचे आले, रडून रडून सैल पडलेले. पुन्हा खरवडलं... पुन्हा काढलं...

त्या दिवशी तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडं पाहिलं होतं. पोराच्या अंगावरचा एक हात उचलून त्याच्याकडं केला होता. आणि तो म्हणाला होता, 'हलू नकोस, तशीच थांब.'

ती थांबली होती.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. फळीवरचा पांढरा लेप खरवडून खरवडून लाकूड दिसायला लागलं, तेव्हा स्तमातीसनं कुंचला खाली ठेवला.

"बाबा, येत नाही."

"काय येत नाही?"

"देवमातेचा चेहरा. काही केलं तरी तिचाच उतरतो. चर्चमधली तसबीर पुसून टाकू?"

"ती राहू दे. गावाला तिचा आधार आहे."

"मग मी काय करू?"

बाहेर अंगणात कुणाच्या तरी वहाणांचा आवाज आला. गेरासिमोसनी कान दिला.

"ती आलीय," ते म्हणाले. "जा, मला आत्ता सांगितलंस ते तिला सांग."